ट्रकातलं ताट

ये, बस हितं. लाईट गेलीय, ती काय आता लवकर येत न्हाई. कंदील जरा जवळ ओढ. दशम्या मी दिवस मावळायच्या आतच करून ठेवल्यात, आता नुसत्या फडक्यात बांधायच्या. तू शेंगाची चटणी त्या डब्यात भर. दाबून भर. उद्या सकाळी अरिहंतला मिरजेस्नं रेल्वे हाय. दोन दिवस रेल्वेत, मग पुढं मिल्ट्रीच्या गाडीतनं वर चढायचं. पोरगं तोंडानं मागत न्हाई, पर डबा उघडला की चार पोरं भवती गोळा होत्यात म्हणत हुता.

मघाशी तुला म्हटलं न्हवं, श्रद्धा, मागच्या आवारातल्या ट्रकातलं ताट घेऊन ये म्हणून? आन् तू उठायच्या आत मीच पळत गेले. तू मनात म्हटलं असशील, मावशीचं डोकं फिरलं. न्हाई फिरलं पोरी. ते ताट कुणाचं असतंय ते आज तुला सांगते. तुझ्या आईला मातर सांगू नकोस. ती आष्ट्यास्नं पयल्या एसटीनं येईल आन् घरात शांतिविधानाची पूजा घालायला लावेल.

आमच्या ह्यांचा ट्रक म्हंजे माझी सवत. तू ल्हान हुतीस तवा. कुपवाडातला, घराला लागूनच असलेला आमचा लेथचा कारखाना नुकता बरा चालायला लागला हुता. दुसरा कुणी असता तर बायकोला पाटल्या केल्या असत्या. ह्यांनी पुण्याकडं मिल्ट्रीच्या लिलावात मोडका शक्तिमान ट्रक घेतला, आन् दुसऱ्या गाडीला बांधून वढत आणला. हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, टायरं बसलेली, बॉनेट उघडलं की आत नुसता गंज आन् वाळकं गवत. मी दारातच हुभी. म्हटलं, "आवं, हे काय आणलंसा?" तर म्हणाले, "गुणा, बघत ऱ्हा. ह्याला परत चालवतो." तोंडावर असा आनंद, जणू दारी हत्ती आणलाय.

बरं, कमाईसाठी न्हवं हां. भाडं मारायचं न्हाई, ऊस वढायचा न्हाई. नुसती हौस. रविवार उजाडला की रॉकेलचं डबडं घेऊन ट्रकाखाली. नट काढायचे, धुवायचे, ग्रीस लावायचं, परत बसवायचे. बाजारात मिळत न्हाई त्यो पार्ट स्वतःच लेथवर करायचे. एका साली चिमणीनं बॉनेटमधी घरटं केलं, तर पिल्लं उडून जाईस्तोवर ह्यांनी इंजिनाला हात लावला न्हाई. बायकोला साडी घ्यायला सवड न्हाई, पर चिमणीच्या बाळंतपणाला सगळं काम बंद!

संगतीला धोंडीबा. वडूजकडचा. मिल्ट्रीत ड्रायव्हर हुता, पेन्शनीत आल्यावर हितं एमआयडीसीत एका कारखान्याची गाडी चालवतोय. रविवारी "जयभीम वैनी" म्हणत यायचा, मी आतनं "जय जिनेंद्र" म्हणायची, आन् दोघं बापय ट्रकाखाली गडप. दुपारी जेवायला बोलवलं की म्हणायचा, "वैनी, तुमच्या हातचं समदं ग्वाड लागतंय, पर मला बुक्कीनं फोडलेला कांदा पायजे. त्यो मी आपला ट्रकात बसून खातो." आमच्या घरात कांदा-लसूण चालत न्हाई, दिवस मावळल्यावर जेवण न्हाई, हे त्याला पक्कं ठावं. लय जपून वागायचा.

ट्रकाचं डावीकडचं दार बाकीच्या गाडीपेक्षा नवं हाय, हे त्यानंच पयल्यांदा वळखलं. "आप्पा, ही गाडी कवातरी डाव्या कुशीवर पडलीया बघा. ह्या बाजूला जोडीचा ड्रायव्हर बसत असतोय." एवढं बोलला आन् बिजागरीला ग्रीस लावायला लागला.

त्या ट्रकानंच माझं पोरगं नेलं, असं मी कितींदा म्हटलं असेल. अरिहंतचं खेळणंबिळणं सगळं त्याच स्टिअरिंगवर. बारावी झाली आन् म्हणाला, मी मिल्ट्रीत ड्रायव्हर होतो. आपल्यात कुणी गेलंय का गं? शेती हाय, कारखाना हाय, सगळं सोडून? मी रडले, अबोला धरला, ट्रकाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. गेलाच त्यो. पयल्या सुट्टीवर आला तवा माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाला, "आई, रागवू नकोस. तिथं कांदा खावा लागतोय. थंडीत दुसरं कायच मिळत न्हाई. पर ताट मातर धुवून पितो. सगळी हसत्यात मला, तरी पितो."

ती माझीच शिकवण. जेवण झालं की ताटात पाणी घालायचं, बोटानं फिरवायचं, आन् ते पिऊन टाकायचं. एक कण मागं ठेवायचा न्हाई, उष्ट्यात जीव पडू नयेत म्हणून. ल्हानपणी कुणाच्या लग्नाला गेला तरी करायचा, आन् पोरं टिंगल करायची. कांद्याचं मला वाईट वाटलं, पर ताटाचं ऐकून पोटात गार पडलं.

आन् मग यंदाचा उन्हाळा. वर सरहद्दीवर लढाई लागली. टीव्हीवर डोंगर दाखवायचे, ट्रकांच्या रांगा दाखवायचे, आन् आमी दोघं प्रत्येक ट्रकात त्याचं तोंड हुडकायचो. पत्र यायचं थांबलं. पोस्टमन सायकलवरनं नुसता मान हलवत पुढं जायचा. मी गूळ सोडला, तूप सोडलं. ह्यांनी काय सोडलं ठावं न्हाई, बोलणं मातर सोडलं. रोज कारखान्यातनं आले की थेट ट्रकाकडं.

आषाढ लागला हुता. पाऊस पडून गेलेला, आवारात चिखल, दिवेलागणीची येळ. मी मागं नळावर घागर भरत हुते. आन् वास आला. कांद्याचा. नुसता कुठनं तरी आलेला न्हवं, आत्ता, ह्या घटकेला बुक्कीनं फोडलेल्या कच्च्या कांद्याचा. डोळ्यांत चुरचुरला. मला वाटलं धोंडीबा आला. पर त्यो तर भाऊ आजारी म्हणून वडूजला गेलेला. मग ट्रकात कोण हाय? हेच!

माझं डोकं असं सणकलं म्हणतीस! पोराचा पत्ता न्हाई, मी गूळ सोडून बसलीय, आन् ह्यो माणूस दिवस मावळल्यावर ट्रकात बसून चोरून कांदा खातोय? घागर तिथंच ठेवली आन् पदर खोचून गेले. पायरीवर चढून दार वढलं. "लाज वाटत न्हाई व्हय ह्या वयात..."

हे ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले. दोनी हात स्टिअरिंगवर. हातात काय न्हाई, मांडीवर काय न्हाई. गालावरनं पाणी वाहतंय, पुसायचीबी शुद्ध न्हाई. आन् कांद्याचा वास डाव्या बाजूनं येतोय, रिकाम्या जागेवरनं.

"गुणा," हे हळूच म्हणाले. "तुलाबी येतोय न्हवं वास?"

"कवापास्नं येतोय?"

"लय दिवस झाले. रोज ह्याच येळंला येतोय..." मग त्या रिकाम्या जागेकडं बघितलं. "आपला पोरगा आलाय, गुणा."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. बोलू नगासा म्हटलं, असलं वंगाळ बोलू नगासा. पर मला जे वाटायचं ते वाटून गेलं हुतं. कांदा खाणारा माझ्या घरातला एकच. आन् त्यो हितं, ह्या ट्रकात बसलेला असेल, तर मग वर डोंगरात कोण हाय? आमी दोघं तसंच बसून ऱ्हायलो. पाठीमागं ताडपत्रीवर पाणी टिपकत हुतं. आन् मधीच, अगदी कानाजवळ, कुणीतरी कचकन चावल्याचा आवाज आला... मग हळूहळू चघळल्याचा.

त्या दिवशी अंथरुणावर पडले, पर डोळ्याला डोळा न्हाई. रडायचं म्हटलं तर रडता येईना. रडलं म्हंजे मान्य केलं की पोरगं गेलं. न्हाई रडावं तर त्यो बिचारा ट्रकात येऊन बसलाय, आन् त्याची आई त्याला वळखतबी न्हाई. पहाटं उठले आन् ठरवलं. काय ते एकदाचं बघायचं.

शेजारच्या रंगुबाईकडं गेले. म्हटलं, एक कांदा दे. ती बघतच ऱ्हायली. "काय वो अक्का, बाटलासा व्हय?" म्हणून पोट धरून हसली. मी काय सांगणार तिला? उभ्या जन्मात पयल्यांदा कांदा हातात धरला. मावळतीच्या आत ज्वारीची भाकरी केली, शेंगाची चटणी, वांग्याची भाजी. कांदा मागच्या पायरीवर ठेवून बुक्की मारली, तर दोनदा घसरून गटारीकडं पळाला. हे बघत हुते, पर हसले न्हाईत.

ताट डाव्या जागेवर ठेवलं. शेजारी तांब्या. ह्यांना म्हटलं, "आपला अरिहंत असेल तर ताट धुवून पिईल. मेला तरी धुवून पिईल त्यो." हे माझ्या तोंडातनं कसं निघालं, मला ठावं न्हाई. दोनी दारं लावली आन् आमी कारखान्याच्या पायरीवर जाऊन बसलो. तिथनं ट्रक समोर दिसतोय.

अंधार हळूहळू आला. आधी चाकं गेली, मग बॉनेट गेलं, मग काचंवरचा उजेड गेला. समोरच्या रस्त्यानं कामगारांच्या लुना, सायकली जात हुत्या, त्यांचा आवाजबी विरला. आन् ट्रकातनं ताट सरकल्याचा आवाज आला. आपण ताट मांडीवर घेतो न्हवं, तसा. ह्यांनी माझा हात धरला. लग्नात धरला हुता त्याच्यानंतर असा घट्ट आत्ताच. भाकरी मोडल्याचा आवाज... कांदा चावल्याचा... मग तांब्याचा. पाणी वतल्याचा आवाज आला तवा मी डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणायला लागले. ताटात वततोय की घशात? ताटात की घशात? कळंना गं. मग सगळं गप.

ह्यांच्यानं उठवंना. मीच कंदील घेऊन गेले. दार उघडायला हात जाईना माझा. म्हटलं, जोपर्यंत दार बंद हाय तोपर्यंत पोरगं जित्तं हाय. मग देवाचं नाव घेतलं आन् उघडलं.

भाकरी खाल्लेली. भाजी खाल्लेली. आन् शीटवर, ताटाच्या भवती, पाणी फिरवल्याचा ओला गोल. त्याच्या कडेला एक इवलासा घास काढून ठेवलेला. रंगुबाईचा नवरा जेवायच्या आधी काढतोय न्हवं, देवाच्या नावानं, तसा. आन् ताटात चटणी माखलेली, कांद्याच्या दोन पाकळ्या, भाकरीचे कण तसेच. धुतलं न्हाई. पिलं न्हाई.

"आपला न्हाई!" मी अशी वरडले की रंगुबाईचं कुत्रं भुंकायला लागलं. "आवं, आपला न्हाई! उष्टं टाकलंय ह्यानं! घाणेरडं टाकलंय ताट!" हे धावत आले, ताट बघितलं, आन् चिखलातच मटकन बसले. मी हसत हुते, रडत हुते, त्या खरकट्या ताटाला छातीशी धरून नाचायची तेवढी बाकी हुती.

आन् मग गप झाले. कारण वास अजून तिथंच हुता. त्यो तिथं बसून माझं हसणं ऐकत हुता. कुणाचं तरी पोरगं. त्याची आई कुठल्या गावात, कुठल्या दारात बसली असेल? माझं न्हवं म्हणून मी हसले, आन् त्यो उपाशी पोरगा माझ्याच भाकरीवर माझ्यासमोर बसलाय! मी पायरीवर चढले, कंदील खाली ठेवला आन् म्हटलं, "चुकलं माझं बाळा. उद्या येतो न्हवं जेवायला? वांगं आवडलं का?" वास जरा जवळ आल्यागत वाटला. मला भ्या वाटलं न्हाई. शप्पथ न्हाई वाटलं.

तवापास्नं रोज ताट. धोंडीबाला सांगितलं तर त्यानं टोपी काढून डाव्या दाराला सॅल्यूट मारला, आन् दुसऱ्या रविवारपास्नं ट्रकातनं खाली, झाडाखाली बसून जेवायला लागला. हेबी परत बोलायला लागले. सायंकाळी ट्रकात बसून त्याच्याशी गप्पा मारायचे. गिअर अडकतोय, पंप दाब धरत न्हाई, असलं काय काय. आन् खरं सांगते, इतकी वरसं नुसतं गुरगुरणारं ते इंजिन ह्या पावसाळ्यात असं चालायला लागलं, की हेच म्हणाले, "गुणा, ह्यातलं निम्मं मी केलेलं न्हाई."

मग कारखान्यात फोन आला. अरिहंतचा! पायाला लागलं हुतं, दवाखान्यात हुता, आता बरा हाय, दिवाळीला सुट्टी मिळतीय. मी फोन कानाला गच्च धरून ऐकलं. आन् त्या दिवशी ट्रकातल्या ताटात पुरणपोळी वाढली. त्यालाबी कळायला पायजे न्हवं, भाऊ सुखरूप हाय म्हणून. भाऊच म्हटलं मी. तोंडातनं आपसूक आलं.

दिवाळीच्या तोंडावर मिरज स्टेशनावर त्याला आणायला आमी ट्रक घेऊनच गेलो. ह्यांचा हट्ट. अरिहंत जरा लंगडत हुता, वाळला हुता, पर ट्रक बघून असा हसला! डाव्या जागेवर बस म्हटलं तर म्हणाला, "न्हाई आई, मी मागं हौद्यात बसतो, वारा खातो." घरी आलो, खाली उतरला, आन् मला इचारतोय, "आई, मागं माझ्यासंगं बसला हुता त्यो पोरगा कुठं गेला?"

मी म्हटलं, "कुठला रं पोरगा?"

"आगं, ड्रायव्हर हाय म्हणाला. लय ग्वाड बोलत हुता. तुझ्या हातच्या भाकरीचं कौतुक करत हुता."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं. "हाय एक वळखीचा," म्हटलं, आन् आत गेले. मनात म्हटलं, बरंच झालं. दोघांची गाठ पडली. सुट्टीभर अरिहंत सायंकाळी ट्रकात जाऊन बसायचा. आतनं हसण्याचा आवाज यायचा. कवा एकाचा, कवा दोघांचा. मला बरं वाटायचं गं. मोठं घर असल्यागत वाटायचं.

पर काल रातच्याला अरिहंत ट्रंक भरता भरता म्हणाला, "आई, त्योबी येतोय माझ्यासंगं. म्हणाला, जाताना आपण संगंच जाऊ."

तवापास्नं माझं काळीज ठिकाणावर न्हाई. म्हणून आज तुला पाठवलं न्हाई, मीच गेले. अंधार पडायला लागला हुता. ताट तसंच हुतं, त्यानं हात लावला न्हवता. मी पायरीवर हुभी ऱ्हायले, दाराची कड धरली आन् हात जोडले. म्हटलं, "बाळा, तुला मी पोटच्या पोरागत वाढलं. जलमभर वाढीन. पर त्याला नेऊ नकोस रं. तू हितंच ऱ्हा."

मग आवाज आला. इतक्या दिवसांत पयल्यांदा माझ्याशी बोलला. घसा बसलेला, पर कोवळा आवाज गं. अरिहंतच्याच वयाचा.

"आई... मी न्यायला न्हाई आलो. पोचवायला जातोय."

मी हात पुढं केला, तिथं कोणाच्या तरी गालावर ठेवावा तसा. गार लागलं. म्हटलं, "आन् परत आणशील न्हवं? परत आणून सोडशील न्हवं माझ्या दारात?"

त्याचं उत्तर आलं न्हाई, पोरी. मी वाट बघितली. पर पलीकडचं दार आपसूक उघडलं. चाकावरचे लोखंडी पाटे करकरले, गाडी जराशी वर आली, जड माणूस उतरल्यावर येती तशी. त्यो उतरला. मी म्हटलं ठीक हाय, उद्याची तयारी करायला गेला असेल. ताट उचलायला वाकले.

आन् पाटे परत करकरले. गाडी परत वर आली. माझ्या समोरनं, ह्या हाताच्या अंतरावरनं, आणखी एकजण उतरून त्याच्या मागनं गेला. डोळ्याला कुणीच दिसलं न्हाई, पर नळाजवळच्या चिखलात पावलं वाजली गं. एकाची सरळ. दुसऱ्याची... जरा लंगडत.

श्रद्धा, मी ताट आणायला गेले तवा अरिहंत हितं तुझ्यासमोर बसला हुता न्हवं? आगं, खाली काय बघतीस? बोल की.